गोंगाट कोणाचा, मालकी कोणाची?

'गोंगाट' हा शब्द निष्पाप नाही. देवळातील घंटेला, लग्नातील सनईला, सभागृहातील तानपुऱ्याला कोणी गोंगाट म्हणत नाही. वस्तीतून निघालेल्या मिरवणुकीला, हलगीच्या कडकडाटाला, पाळी सुटल्यावर मोठ्याने बोलत घरी जाणाऱ्या कामगारांना मात्र तो शब्द सहज चिकटवला जातो. दलित कविता प्रथम छापली जाऊ लागली तेव्हा तिच्यात सौंदर्य कमी आणि आक्रोश जास्त, असा आक्षेप घेणारे समीक्षक होतेच. म्हणजे कोणता आवाज संगीत आणि कोणता आवाज उपद्रव, हा निवाडा केवळ कानाने होत नाही. तो निवाडा समाजातील स्थान करते.

जगात असा एक संगीतप्रवाह आहे, की त्याने हा आक्षेपच आपले नाव म्हणून स्वीकारला. त्याला 'नॉइज' म्हणतात. त्याच्या शेजारी 'हेवी' म्हणून ओळखले जाणारे, फाटक्या आवाजाच्या गिटारचे जड संगीत उभे आहे. हे दोन्ही प्रकार मोठ्या कंपन्यांनी सहसा विकत घेतले नाहीत. ते टिकले ते छोट्या, स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्थांमुळे. त्यांना 'लेबल' असा शब्द रूढ आहे. हे लेबल चालते कसे, त्यात पैसा कोठून येतो, हक्क कोणाकडे राहतात, आणि सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतील एखाद्या शेडमध्ये काम करणाऱ्या तरुणांना त्याचा काय उपयोग, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. हा विषय आपला नाही असे वाटणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की आपली गाणी अनेक वर्षे ध्वनिफितींवर विकली गेली, आणि त्या विक्रीचा हिशेब गाणाऱ्याच्या हातात फार क्वचित आला आहे.

स्वर आणि खरखर

प्रथम शास्त्र. तार किंवा हवेचा स्तंभ नियमितपणे कंप पावला, की स्वर निर्माण होतो. कंपनांत नियमितता नसेल, असंख्य कंप्रता एकाच वेळी मिसळल्या असतील, तर कानाला ठरावीक स्वर सापडत नाही. रेडिओवर दोन केंद्रांच्या मध्ये ऐकू येणारी खरखर हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. साधे ताणलेले कातडेही स्वर देत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवर शाई चढवली, की त्याची कंपने सुरेल मालिकेत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिले. हलगीला शाई नसते. ती आगीवर शेकतात, कातडे ताणले जाते, आणि टिपरू पडताच जो आवाज फुटतो तो शास्त्राच्या भाषेत गोंगाटाच्याच जवळचा असतो.

पण तबला मैफलीत गेला आणि हलगी वेशीबाहेर राहिली, याचे कारण पदार्थविज्ञानात शोधून सापडणार नाही. दोन्ही वाद्यांना कातडे लागते. ते सोलणारे आणि कमावणारे हातही एकाच थरातले. एका वाद्याला बैठक मिळाली आणि दुसऱ्याला बलुत्याचे काम मिळाले, एवढाच फरक.

आता विजेच्या वाद्यांकडे येऊ. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त आवाज दिला, की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि मूळ स्वरात नव्हते असे अनेक उपस्वर त्यात शिरतात. आपण म्हणतो, आवाज फाटला. जत्रेतला कर्णा असा फाटला की आपण वैतागतो. हेवी संगीतात मात्र आवाज मुद्दाम फाडला जातो. माइक स्पीकरसमोर धरला की तो शिट्टी मारतो, कारण स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फिरत राहतो. सभेत वक्ता अशा वेळी थांबतो. नॉइज वाजवणारा त्या शिट्टीलाच वाद्य करतो. बिघाड म्हणून टाकून दिलेली वस्तू साहित्य म्हणून वापरणे, ही या संगीताची पद्धत आहे. टाकलेल्या शब्दांतून साहित्य उभे करणे आपल्याला अपरिचित नाही.

कारखान्यातून आलेले संगीत

या संगीताचा इतिहास कारखान्याशी जोडलेला आहे. १९१३ साली इटलीतील चित्रकार लुइजी रुस्सोलो याने गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला. यंत्रयुगात जुन्या वाद्यांचे आवाज अपुरे पडतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याने गुरगुरणारी, करकरणारी खोकी तयार करून त्यांचे कार्यक्रमही केले. ७ नोव्हेंबर १९२२ रोजी रशियन क्रांतीच्या पाचव्या वर्धापनदिनी बाकू शहरात आर्सेनी अव्रामोव्ह याने कारखान्यांचे भोंगे, जहाजांचे कर्णे, आगगाडीची इंजिने आणि तोफा एकत्र करून सबंध शहरच वाजवले. गिरणीच्या भोंग्यावर ज्या सोलापूरने पिढ्यान्‌पिढ्या दिवस मोजले, त्या सोलापूरच्या वाचकाला या प्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. भोंगा मालकाचा असतो. त्या दिवशी तो कामगारांच्या उत्सवासाठी वाजला. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर याने आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून, कापून, जोडून त्यांची रचना केली, आणि मुद्रित आवाज हेच संगीताचे द्रव्य होऊ शकते हे सिद्ध केले.

हेवी संगीताचा उगम तर सरळ पत्र्याच्या कारखान्यात सापडतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे धातुकामाचे शहर. तेथे १९६५ साली टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रावर काम करीत होता. यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले, गिटारला हलक्या तारा लावल्या, आणि पुढे त्या तारा सैल करून स्वर खाली उतरवला. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला तो 'ब्लॅक सॅबथ' या गटाच्या १९७० पासूनच्या ध्वनिमुद्रिकांतून जगभर गेला. त्याच गटाचा गायक ऑझी ऑस्बोर्न (निधन २०२५) याने तारुण्यात कत्तलखान्यात काम केले होते आणि मोटारींच्या हॉर्नचे आवाज तपासण्याची नोकरीही केली होती. औद्योगिक अपघात, कत्तलखाना आणि हॉर्न या तीन गोष्टींतून एका संगीताची घडण झाली. चिंचोळीतल्या किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या कामगाराला हे परदेशी वाटू नये. बोट गेलेला कामगार त्याच्याही ओळखीचा असतो.

पण यंत्राचे गोडवे कोणी गायचे?

येथे थांबून एक विचार केला पाहिजे. रुस्सोलो आणि त्याचे सहकारी यंत्राच्या प्रेमात होते, युद्धाच्याही प्रेमात होते, आणि त्या वर्तुळातील प्रमुख मंडळी पुढे मुसोलिनीच्या बाजूला गेली. यंत्राचा आवाज बाहेर उभे राहून ऐकणे वेगळे आणि आठ तास त्याच्यासमोर उभे राहणे वेगळे.

आपल्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, पण अस्पृश्य कामगाराला तेथे प्रवेश नव्हता. बॉबिन बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपण तोंडाला लावणार नाही, ही सवर्ण विणकऱ्यांची भूमिका होती. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मालकाविरुद्ध एक होणारे कामगार सुताच्या धाग्यापाशी एक होत नव्हते. म्हणजे मागाचा खडखडाट हा आपल्याला मोफत मिळालेला वारसा नाही. तो आवाज ऐकण्याच्या जागेपर्यंत पोचण्यासाठीसुद्धा झगडावे लागले आहे. म्हणून 'कारखान्याचे संगीत' म्हणताना तो कोणाचा कारखाना, कोणते खाते आणि कोणाची पाळी, हे विचारलेच पाहिजे.

दुसरा धोका तितकाच गंभीर आहे. १९७६ साली लंडनमध्ये 'थ्रॉबिंग ग्रिसल' या गटाने 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' नावाचे स्वतःचे लेबल काढले. जुन्या कारखान्याच्या जागेत मुद्रण केले आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या केवळ ७८५ प्रती काढल्या. स्वतंत्र लेबलांच्या इतिहासात हे नाव मानाने घेतले जाते. पण त्याच लेबलाचे बोधचिन्ह आउश्वित्झच्या छळछावणीचे छायाचित्र होते. समाजाला धक्का देण्यासाठी आम्ही ते वापरतो, असे समर्थन केले गेले. नॉइज आणि मेटलच्या काही कोपऱ्यांत पुढे हा धक्क्याचा खेळ राहिला नाही. तेथे उघड वंशद्वेष्टे आले. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्या प्रेतांचे चित्र कोणीतरी सजावटीसाठी वापरावे, ही गोष्ट खैरलांजी पाहिलेल्या समाजाने क्षणभरही मान्य करता कामा नये. धक्का देणे हा विद्रोह नव्हे. धक्का कोणाला बसतो, यावर ते ठरते.

लेबल म्हणजे काय?

लेबल म्हणजे मुळात रेकॉर्डच्या मध्यभागी चिकटवलेला गोल कागद. त्यावर कंपनीचे नाव असे, म्हणून कंपनीलाच लेबल म्हणू लागले. लेबल चार कामे करते. मुद्रणाचा खर्च उचलते, प्रती काढते, त्या लोकांपर्यंत पोचवते आणि हिशेब ठेवते. मोठी कंपनी याच्या बदल्यात मुद्रणाची मालकी घेते. स्वतंत्र लेबल ही अट बदलू शकते, आणि तेथेच त्याचे राजकारण सुरू होते.

मोठ्या कंपन्यांची पकड आपल्याकडे जुनी आहे. १९०८ साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात रेकॉर्ड दाबण्याचा कारखाना काढला, आणि पुढे अनेक दशके कोण गाणार हे बव्हंशी 'हिज मास्टर्स व्हॉइस'च ठरवीत होती. त्या काळातही मुंबईत 'यंग इंडिया' हे देशी लेबल १९३५ ते १९५५ पर्यंत चालले. खरा फरक पडला तो ध्वनिफितीमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली कॅसेट १९८० च्या सुमारास आपल्या बाजारात स्वस्त झाली. तिला कारखाना लागत नव्हता. दोन यंत्रे जोडून खोलीत प्रती काढता येत. जी भीमगीते, पोवाडे, लोकगीते मोठ्या कंपनीने कधी विचारात घेतली नसती, ती गावोगावच्या पानटपरीवर वाजू लागली.

इंग्लंडमध्ये याच सुमारास असेच घडत होते. जानेवारी १९७७ मध्ये 'बझकॉक्स' या गटाने मित्र-नातेवाइकांकडून ५०० पौंड उसने घेऊन पहिल्या १,००० प्रती स्वतः काढल्या. 'क्रास' या गटाने मुखपृष्ठावरच छापायला सुरुवात केली, की यापेक्षा जास्त किंमत देऊ नका. 'रफ ट्रेड' या लेबलाने खर्च वजा जाता उरलेल्या पैशाचे कलावंत आणि लेबल यांच्यात निम्मे-निम्मे वाटप करण्याची पद्धत रूढ केली. टोकियोत मासामी अकिता याने 'मर्झबो' या नावाने १९७९ पासून नॉइज करायला घेतले आणि ध्वनिफिती टपालाने जगभर अदलाबदलीत पाठवल्या. आपल्याकडील लघुअनियतकालिकांची पद्धत हीच होती. संपादक, मुद्रितशोधक आणि हमाल एकच माणूस असे, आणि अंकाच्या बदल्यात अंक जाई.

पण आपल्याला विलायतेचे उदाहरण घेण्याची फारशी गरज नाही. सत्यशोधक जलशांपासून १९३० च्या दशकातील भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांपर्यंत, आणि तेथून वामनदादा कर्डकांपर्यंत (१९२२-२००४) गाण्याचा प्रसार कोणत्याही कंपनीविना झाला. गाण्यांच्या छोट्या पुस्तिका छापायच्या, कार्यक्रमानंतर विकायच्या, त्या पैशातून पुढच्या गावाचे भाडे काढायचे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तके, ध्वनिफिती आणि तबकड्यांचे जे स्टॉल लागत आले, ती या देशातील सर्वांत मोठ्या स्वतंत्र वितरणव्यवस्थांपैकी एक आहे. तिला कोणी त्या नावाने ओळखले नाही, कारण तिचे ग्राहक जमिनीवर पथारी टाकून झोपत होते.

मुंबई, चेन्नई आणि वर्गाचा प्रश्न

महाराष्ट्रात हेवी संगीताची स्वतंत्र लेबले झाली ती प्रामुख्याने मुंबईत. १९८६ साली रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. पुढे २००० नंतर 'डिमनस्टीलर रेकॉर्ड्स' आणि 'ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी' ही लेबले व्यक्तींनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली. दुसऱ्या लेबलाने तर देशोदेशींच्या गटांचे संगीत मुंबईहून प्रसिद्ध केले. हे श्रम खरे आहेत. परंतु या वर्तुळाची भाषा इंग्रजी राहिली, आणि गिटार, ॲम्प्लिफायर, सरावाची खोली हा खर्च ज्याला परवडतो त्याचेच ते राहिले. विद्रोहाचा पोशाख होता, पण जात हा विषय त्यात क्वचितच आला.

चेन्नईत २०१७ साली दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गट उभा राहिला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले गाना, रॅप आणि रॉक एकत्र आणून त्यांनी जात, आरक्षण, मैला सफाई हे विषय थेट गायिले. 'जातिविरहित तमिळ' ही अयोथी दास यांची संज्ञा त्यांनी नाव म्हणून घेतली. वस्तीचे वाद्य आणि विजेचे वाद्य एका मंचावर येऊ शकते, आणि त्याला हजारोंनी श्रोते मिळू शकतात, हे त्यांनी दाखवले.

चिंचोळीच्या शेडमध्ये

सोलापूर-पुणे रस्त्यावरील चिंचोळी एमआयडीसीत रसायनांपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंतचे कारखाने आहेत. समजा तेथे काम करणाऱ्या पाचसहा तरुणांनी असे लेबल काढायचे ठरवले. काय लागेल?

साधने थोडी लागतात. बझरमध्ये असते ती पितळी चकती, म्हणजे पिएझो, अगदी अल्प किमतीत मिळते. ती वायरला जोडून पत्र्यावर, पाण्याच्या टाकीवर, हलगीच्या कड्यावर चिकटवली, की त्या वस्तूच्या आतले कंपन थेट मुद्रित होते. जुना ॲम्प्लिफायर, दुरुस्त केलेला मिक्सर आणि एक संगणक एवढ्यावर मुद्रण होते. मुद्रणाचा सॉफ्टवेअर मोफतही मिळतो. या संगीताला सुरेल गळा किंवा गुरूचे घराणे लागत नाही. लागतो तो कान आणि शिस्त. कोठे थांबायचे, काय काढून टाकायचे, हे कवितेइतकेच येथेही महत्त्वाचे असते.

आता पैसा. केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ. समजा १०० कॅसेटींचा छपाई, मुद्रण, टपाल असा सर्व खर्च १५,००० रुपये आला. म्हणजे एक प्रत १५० रुपयांना पडली. २० प्रती कलावंताला आणि १० प्रती अदलाबदलीसाठी, परीक्षणासाठी गेल्या. राहिल्या ७०. किंमत २५० रुपये ठेवली, तर ६० प्रती खपल्यावर खर्च निघतो. सगळ्या ७० खपल्या तर १७,५०० रुपये येतात आणि शिल्लक राहते २,५००. निम्मे-निम्मे केले, की कलावंताला १,२५०. यावर कोणाचे घर चालत नाही. म्हणून नोकरी सोडून लेबल काढण्याचा सल्ला कोणी देऊ नये. हा व्यवहार पुढच्या प्रकाशनाचे भांडवल शाबूत ठेवण्यासाठी असतो. जो हे आधी समजून घेतो त्याचे लेबल दहा वर्षे चालते. जो नफ्यासाठी येतो तो दुसऱ्या प्रकाशनालाच कर्जात जातो.

इंटरनेटमुळे हा प्रश्न सुटला, असा समज आहे. तो अर्धाच खरा. 'बँडकॅम्प'सारख्या ठिकाणी संगीत थेट विकता येते. ते डिजिटल विक्रीवर साधारणपणे १५ टक्के घेतात आणि बाकीचे, पैसे पाठवण्याचा खर्च वजा जाता, विकणाऱ्याला मिळतात. पण ही जागाही भाड्याचीच. ती २०२२ मध्ये एका कंपनीने घेतली आणि २०२३ मध्ये दुसरीला विकली. 'स्पॉटिफाय'ने तर २०२४ पासून नियम केला, की वर्षभरात १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मुद्रणहक्काचा पैसाच द्यायचा नाही. आपल्या ७० श्रोत्यांचा हिशेब तेथे शून्य धरला जातो. म्हणून मूळ मुद्रण स्वतःकडे दोन ठिकाणी जपून ठेवावे, श्रोत्यांची यादी स्वतःकडे असावी, आणि जयंतीच्या स्टॉलवर टेबल लावण्यास कधी लाजू नये.

कागद आधी, आवाज नंतर

कार्यकर्त्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा भाग हा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ पर्यंत संगीतकृतीची जी व्याख्या होती, तिच्यात चाल किंवा स्वरसंवाद लिहून, छापून ठेवलेला असणे अपेक्षित होते. ज्या शाहिरांच्या चाली कंठातच होत्या, ज्यांना स्वरलिपी कधी शिकवली गेली नाही, त्यांची निर्मिती त्या व्याख्येबाहेर पडत होती. कायद्याच्या कानालाही ती जणू गोंगाटच होती. १९९४ च्या दुरुस्तीने लिहिण्याची अट गेली.

आजचे मुद्दे असे. मुद्रणाचा प्रथम मालक निर्माता असतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. मुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला मुद्रणाच्या वापरावरील मानधनाचा आपला समान वाटा सोडून देता येत नाही. तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. एकरकमी पैसे घेऊन 'सर्व हक्क कायमचे दिले' अशा कागदावर सही करणाऱ्या कवी-गायकांना हे सांगितले गेले पाहिजे.

स्वतंत्र लेबलाने याहून पुढे जावे. मुद्रणाची मालकी वाजवणाऱ्यांकडेच ठेवावी आणि फक्त तीन किंवा पाच वर्षांचा प्रसिद्धीचा परवाना घ्यावा. करार मराठीत, एका पानाचा असावा. दर सहा महिन्यांनी हिशेब लेखी द्यावा, जमा शून्य असली तरी द्यावा. ज्या शेडमध्ये आवाज मुद्रित केला तेथील सहकाऱ्यांची संमती घ्यावी आणि त्यांची नावे, त्यांना हवी असतील तर, छापावीत. हे न करणारे लेबल कितीही विद्रोही आवाज काढो, ते मालकाचेच छोटे रूप आहे.

कान हेही भांडवल

डेसिबलचे माप साधे वाढत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. कारखाना कायद्याखालील नियमांनी घालून दिलेला तक्ता असा होता : ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास, आणि ११५ ला फक्त पाव तास. १९४८ च्या त्याच कायद्याच्या परिशिष्टात आवाजामुळे येणारे बहिरेपण नोंदवावयाच्या व्यवसायजन्य रोगांत घातले गेले. धोट्याचे माग चालणाऱ्या शेडमध्ये ९० ची मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि तेथे काम करणाऱ्या किती जणांच्या कानांची तपासणी होते, हे ज्याने त्याने आपल्या शेडमध्ये विचारावे.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मर्यादा घातली, तर निवासी क्षेत्रासाठी ५५ आणि ४५. जयंतीच्या मिरवणुकीतील डॉल्बीवर जेवढी चर्चा होते, तेवढी शेडमधल्या रोजच्या आवाजावर होत नाही. एक आवाज वर्षातून एकदा रस्त्यावर येतो म्हणून दिसतो. दुसरा भिंतीआड वर्षभर चालतो आणि कामगाराचा कान खातो. तरीही पहिल्या आवाजाला त्यामुळे सूट मिळत नाही. भिंतीसारख्या स्पीकरसमोर नाचणारे पोर आपलेच असते. आठ तास यंत्राजवळ घालवलेल्या कानाला संध्याकाळी पुन्हा शंभर डेसिबल देणे म्हणजे मालकाने अर्धवट सोडलेले काम आपण पूर्ण करणे होय. म्हणून सरावात आणि कार्यक्रमात कानात बोळे घालणे, स्पीकरपासून अंतर ठेवणे, मुद्रण बेताच्या आवाजात ऐकणे हे नियमच असावेत. संगीताचा जडपणा डेसिबलवर अवलंबून नसतो. खालचे स्वर, लय आणि शांततेचा योग्य वापर यांतून तो येतो.

हलगीचे काय करायचे?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. हलगी, संबळ, दवंडी ही आपल्यासाठी केवळ वाद्ये नव्हती. ती जातीने लादलेली कामे होती. मयताची वर्दी आणि देवाची पालखी, दोन्हीपुढे वाजवायचे आणि मानाच्या पंगतीत बसायचे नाही. म्हणून ज्यांनी हलगी टाकली, त्यांचा नकार हा इतिहासातील मोठा नकार आहे. त्याची खिल्ली उडवण्याचा अधिकार शहरातल्या कोणत्याही प्रयोगशील कलावंताला नाही. दुसरीकडे तमिळनाडूत परै हे वाद्य दलित तरुणांनी अपमानाच्या खुणेतून काढून लढ्याचे वाद्य केले, हेही खरे आहे.

यातून निघणारा निकष असा. वाजवण्याची सक्ती असते तेथे वाद्य टाकणे हाच विद्रोह. वाजवणारा स्वतः ठरवतो कधी वाजवायचे, कोणापुढे, किती पैशांत, आणि मुद्रणाची मालकी कोणाची, तेथे तेच वाद्य हाती घेणेही विद्रोह होऊ शकते. बाहेरच्या लेबलाने येऊन हलगीचा 'नमुना' मुद्रित करून न्यायचा, त्यावर विजेचे आवाज चढवायचे आणि मुखपृष्ठावर वादकाचे नाव नाही, हा प्रकार बलुतेदारीचाच आहे. फक्त धान्याऐवजी आता एक प्रत दिली जाते.

शिक्षकांनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा. विद्यार्थ्यांना आपल्या वस्तीतील, आपल्या आईबापांच्या कामाच्या ठिकाणचे आवाज मुद्रित करायला सांगावे, आणि त्यातील कोणत्या आवाजाला त्यांना लाज वाटते आणि का, हे लिहायला सांगावे. विडी वळणाऱ्या बाईच्या सुपातील पानांचा आवाज आणि मागाचा खडखडाट एका फितीवर आले, तर सोलापूरचा श्रमाचा इतिहास त्यात येईल. तो आपण मुद्रित केला नाही, तर उद्या दुसरे कोणी करील, त्याची मालकी घेईल आणि आपल्याच आवाजाची प्रत आपल्याला विकत घ्यावी लागेल.